विश्लेषण : जुन्या इलेक्ट्रिक पियानोचा आवाज मोबाइलमध्ये कसा आला? जव्हार-मोखाड्याचा तारपा मागे का राहिला?

लग्नसराईत जव्हार किंवा मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर बेंजो पार्टीचा टेम्पो उभा राहिला की त्यावर एक कीबोर्ड हमखास दिसतो. कंपनी कोणतीही असो, त्याला सगळे ‘कॅसिओ’च म्हणतात. त्या कॅसिओवर ‘ई. पियानो’ नावाचा आवाज असतो. घंटेसारखा किणकिणणारा, पण गोल आणि ऊबदार. हा आवाज ज्या वाद्याचा आहे, ते वाद्य ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी पाहिलेले नसते. याच कॅसिओवर तारप्याची चालही वाजते, पण तारप्याचा आवाज मात्र त्यात नसतो. जवळचा म्हणून कोणत्या तरी दुसऱ्याच फुंकवाद्याचे बटण दाबावे लागते.

अमेरिकेतील एका बंद पडलेल्या वाद्याचा आवाज सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचला आणि तिथलेच वाद्य यंत्राबाहेर राहिले, असे का झाले? याचे उत्तर शोधायचे तर आधी इलेक्ट्रिक पियानोचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये कसा घडवतात, ते समजून घ्यावे लागेल. तीच पद्धत तारप्याला लावता येते का, हेही त्यातूनच कळते.

इलेक्ट्रिक पियानो म्हणजे नेमके काय?

साध्या पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि लाकडी फळी तो आवाज मोठा करते. इलेक्ट्रिक पियानोत मोठ्या तारा नसतात, फळीही नसते. त्यात आवाज होतो तो धातूच्या बारीक कांडीचा किंवा पत्तीचा. हा आवाज इतका क्षीण असतो की वीज बंद असेल तर जवळ बसलेल्यालाच ऐकू येतो. तो विजेच्या संकेतात बदलून अॅम्प्लिफायरमधून मोठा केला जातो.

यातील सर्वात गाजलेले वाद्य म्हणजे ‘ऱ्होड्स’. अमेरिकी पियानोशिक्षक हॅरॉल्ड ऱ्होड्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांना खाटेवर बसून वाजवता येईल असा छोटा पियानो बनवला. त्यासाठी त्यांनी बॉम्बफेकी विमानांचे टाकाऊ सुटे भाग वापरले. जे हाताशी आहे त्यातून वाद्य उभे राहिले. पुढे गिटारनिर्माते लिओ फेंडर यांच्याबरोबर त्यांनी काम केले आणि १९६५ पासून ७३ पट्ट्यांचा ‘फेंडर ऱ्होड्स’ बाजारात आला. जॅझपासून मुंबईतील सत्तरच्या दशकातील चित्रपटसंगीतापर्यंत या जातीच्या वाद्याचा आवाज पोहोचला. त्याचे वजन सुमारे ६० किलो. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

त्या आवाजाची ओळख कशात आहे?

ऱ्होड्समध्ये पट्टी दाबल्यावर हातोडी पोलादाच्या एका बारीक कांडीवर आपटते. ही कांडी एका टोकाला घट्ट बसवलेली असते, दुसरे टोक मोकळे. मोकळ्या टोकासमोर तांब्याच्या तारेचे वेटोळे गुंडाळलेला लोहचुंबक असतो. त्याला पिकअप म्हणतात. कांडी थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. इलेक्ट्रिक गिटारमध्येही हेच तत्त्व आहे.

आता या रचनेतून आवाजाची तीन वैशिष्ट्ये तयार होतात.

पहिले, सुरुवातीची ‘टिंग’. ताणलेल्या तारेतून निघणारे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटीत असतात. एका टोकाला बांधलेल्या कांडीचे तसे नसते. एकसारख्या जाडीच्या कांडीचा पुढचा उपस्वर मूळ स्वराच्या सुमारे ६.२७ पट आणि त्यापुढचा सुमारे १७.५५ पट असतो. म्हणजे मूळ स्वर ४४० हर्ट्झ असेल तर पुढचा उपस्वर साधारण २,७६० हर्ट्झला ऐकू येतो. ही पट पूर्ण नसल्यामुळे कानाला तो स्वर न वाटता घंटेचा ठोका वाटतो. तो लगेच विरतो आणि मागे शुद्ध, गोल स्वर उरतो.

दुसरे, पिकअपची जागा. कांडीचे टोक पिकअपच्या बरोबर मध्यासमोर असेल तर एका झोक्यात ते मध्यावरून दोनदा जाते. त्यामुळे वरच्या सप्तकातील स्वर ठळक होतो. कांडी थोडी वर किंवा खाली सरकवली की मूळ स्वर ठळक होतो. दुरुस्ती करणारा कारागीर स्क्रू फिरवून प्रत्येक पट्टीचा आवाज असा बसवत असे.

तिसरे, बोटाचा जोर. हळू वाजवले तर कांडी थोडीच हलते आणि आवाज मऊ येतो. जोरात वाजवले तर कांडी चुंबकीय क्षेत्राच्या कडेपर्यंत जाते, तिथे विजेची लहर वाकडी होते आणि आवाज गुरगुरल्यासारखा फाटतो. ऱ्होड्स वाजवणाऱ्यांना हीच गुरगुर हवी असते. नुसता आवाज मोठा होत नाही, त्याचा पोतच बदलतो.

याच काळातील दुसरे वाद्य ‘वुर्लिट्झर’. त्यात कांडीऐवजी पोलादाची चपटी पत्ती असते, म्हणजे हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत रीड. पण तिला हवा नव्हे, हातोडी हलवते. पत्तीच्या टोकावर डाग दिलेल्या धातूचा छोटा थेंब कमी-जास्त करून तिचा सूर लावतात. तिचा आवाज ऱ्होड्सपेक्षा कोरडा आणि थोडा नाकातला.

हा आवाज पहिल्यांदा आकड्यांत कधी आला?

१९६७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संगीतकार जॉन चाऊनिंग संगणकावर स्वराला कंप देऊन पाहत होते. गायक स्वर हलवतो तेव्हा सेकंदाला पाच-सहा वेळा तो वर-खाली होतो आणि आपल्याला थरथर ऐकू येते. चाऊनिंग यांनी हा वेग वाढवत नेला. तो सेकंदाला शेकडो वेळा झाला तेव्हा थरथर नाहीशी झाली आणि एक नवाच, उपस्वरांनी भरलेला आवाज ऐकू आला. एक लहर दुसऱ्या लहरीला हलवते, एवढ्यावर हे तंत्र उभे आहे. त्याचे नाव फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन, थोडक्यात एफएम. रेडिओतील एफएमचे तत्त्व हेच, फक्त इथे ते थेट कानासाठी वापरले जाते.

स्टॅनफर्डने हे तंत्र जपानच्या यामाहा कंपनीला परवान्याने दिले. १९८३ मध्ये यामाहाचा ‘डीएक्स७’ हा सिंथेसायझर आला. वजन सुमारे १४ किलो. त्यात ‘ई. पियानो १’ नावाचा आवाज आधीच भरलेला होता. त्यात कांडी नव्हती, चुंबकही नव्हता. होत्या फक्त सहा लहरी आणि त्यांनी एकमेकींना कसे हलवायचे याचे आकडे. ऐंशीच्या दशकातील असंख्य गाण्यांत हा आवाज आहे. ६० किलोचे वाद्य वाहून नेण्याची गरज संपली.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे आकार. डीएक्स७ चा एक आवाज साठवायला फक्त १२८ बाइट पुरतात. ३२ आवाजांचा पूर्ण संच सुमारे ४ किलोबाइटचा. याउलट एका मिनिटाचे चांगल्या दर्जाचे स्टिरिओ रेकॉर्डिंग साध्या वेव्ह फाइलमध्ये साडेअकरा मेगाबाइटच्या आसपास जाते. नेटवर्कची एकच काडी दिसणाऱ्या गावातही ४ किलोबाइटची फाइल पोहोचते. रेकॉर्डिंग पाठवणे म्हणजे जेवणाचा डबा पाठवणे आणि असा आवाज पाठवणे म्हणजे कृती लिहून पाठवणे, असे समजा.

आज तो आवाज स्वतः कसा घडवायचा?

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ‘डेक्स्ड’ हा डीएक्स७ ची हुबेहूब रचना असलेला सिंथेसायझर आणि ‘सर्ज एक्सटी’ हे दोन्ही मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. मोबाइलवरही एफएमची सोय असलेली अॅप मिळतात. नावे वेगळी असली तरी पायऱ्या त्याच.

१. एक शुद्ध साइन लहर घ्या. पट १ ठेवा. ही कांडीचा मूळ स्वर.

२. तिचा चढ-उतार ठरवा. सुरुवात तत्काळ, मग आवाज हळूहळू विरत जाणारा. खालच्या पट्ट्यांना आठ-दहा सेकंद द्या, वरच्या पट्ट्यांना एक-दोन. पट्टी सोडल्यावर आवाज अर्ध्या सेकंदाच्या आत थांबला पाहिजे, कारण खऱ्या वाद्यात नमद्याची गादी कांडीवर येऊन बसते.

३. दुसरी लहर घ्या, पट १, आणि तिला पहिलीला थोडेसे हलवू द्या. हे हलवण्याचे प्रमाण पट्टी दाबण्याच्या जोराशी जोडा. जोरात वाजवल्यावर येणारी गुरगुर इथून मिळते. ही पायरी वगळली तर आवाज प्लास्टिकच्या खेळण्यासारखा वाटतो.

४. ‘टिंग’साठी लहरींची आणखी एक जोडी घ्या. त्यात हलवणाऱ्या लहरीची पट १४ ठेवा. डीएक्स७ च्या मूळ ‘ई. पियानो १’ मध्येही हाच आकडा आहे. ४४० हर्ट्झच्या स्वराला यातून ५,७२० आणि ६,६०० हर्ट्झच्या आसपास चमक मिळते. ही जोडी अर्ध्या सेकंदात विरू द्या आणि आवाज कमी ठेवा.

५. वरच्या पट्ट्यांवर ही चमक कमी करा, नाहीतर ती कानात टोचते.

६. दोन जोड्यांच्या सुरांत अगदी किंचित फरक ठेवा. शेवटी आवाज डावीकडून उजवीकडे सेकंदाला चार-पाच वेळा सरकू द्या. ऱ्होड्सच्या ‘सूटकेस’ मॉडेलमध्ये हीच सोय होती.

मोबाइलवर करून पाहणाऱ्यांसाठी दोन सूचना. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर नीट येत नाहीत. ७३ पट्ट्यांच्या ऱ्होड्सचा सर्वात खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा आहे. तो स्पीकरवर ऐकू आला नाही म्हणून आकडे बदलत बसू नका. वायरचे इअरफोन लावा. ब्लूटूथ इअरफोनमध्ये पट्टी दाबल्यापासून आवाज यायला सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही जास्त वेळ लागू शकतो, त्यामुळे तालात वाजवणे अवघड होते.

या सगळ्या पायऱ्यांमागे तीनच प्रश्न आहेत. हलते काय? त्याला हलवते कोण? आणि तो आवाज कोणत्या वाटेने बाहेर येतो? ऱ्होड्समध्ये हलते कांडी, हलवते हातोडी आणि वाट पिकअपची. या तिन्हींची उत्तरे सापडली की कोणत्याही वाद्याचा आवाज घडवायला घेता येतो.

मग कॅसिओत तारपा का नाही?

१९९१ मध्ये वाद्यनिर्मात्या कंपन्यांच्या संघटनांनी ‘जनरल मिडी’ नावाचे मानक ठरवले. कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर तोच क्रमांक दाबला की त्याच जातीचा आवाज यावा, हा त्यामागचा हेतू. त्यात १२८ आवाजांची यादी ठरली. ५ आणि ६ क्रमांकावर दोन इलेक्ट्रिक पियानो आहेत. भारतीय म्हणावीत अशी दोन वाद्येही त्यात आहेत. १०५ क्रमांकावर सतार आणि ११२ क्रमांकावर शहनाई. ११० क्रमांकावर बॅगपाइप. बंदुकीचा आवाज, हेलिकॉप्टर आणि टाळ्याही या यादीत आहेत. तारपा नाही.

यामागे कोणाचा वाईट हेतू शोधण्याची गरज नाही. यादी करणाऱ्यांनी जगाच्या बाजारात जे ऐकले जात होते ते घेतले. पुढे भारतासाठी बनवलेल्या कीबोर्डांत हार्मोनियम, तानपुरा, तबला यांची भर पडली. तरीही ज्या वाद्याला मोठी बाजारपेठ नाही, त्याच्यासाठी कारखाना वेळ घालवत नाही. परिणाम मात्र लग्नाच्या मांडवात दिसतो. एक माणूस कॅसिओ घेऊन आला की त्यात जे आवाज आहेत तेच वाजतात. जे नाहीत, त्यांची चाल उरते आणि आवाज जातो. गाव तीच चाल शहनाईच्या किंवा बॅगपाइपच्या बटणावर ऐकत राहिले तर पुढच्या पिढीच्या कानात तारपा तसाच बसेल.

तारपा कसा वाजतो?

वारली, कोकणा, कातकरी आदी समाजांच्या या पट्ट्यात तारपा हे नाचाच्या मध्यभागी असणारे वाद्य. भाताची कापणी झाली की दिवाळीच्या सुमारास तारप्याचा नाच रंगतो. वादक मध्ये, भोवती एकमेकांच्या कमरेला धरून नाचणाऱ्यांचा फेर. वारली चित्रांतील तो गोलाकार फेर आणि मधला लांब वाद्य धरलेला माणूस आता जगभर ओळखीचा आहे. चित्र कपांवर आणि कुर्त्यांवर पोहोचले, त्यातील वाद्याचा आवाज तितका पोहोचला नाही. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेक शहरी वाचकांनी हे नाव आणि हे वाद्य पहिल्यांदाच ऐकले असेल.

वाद्याची रचना अशी. वाळवलेल्या दुधी भोपळ्याचा पोकळ भाग म्हणजे हवेची पेटी. त्यात बांबूच्या दोन नळ्या बसवलेल्या, नळ्यांत बांबूच्याच पत्त्या आणि बोटांसाठी छिद्रे. सांधे मेणाने बुजवलेले. पुढच्या टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळलेला लांब कर्णा. वादक भोपळ्यात फुंकतो, पत्त्या थरथरतात, दोन्ही नळ्यांचे सूर एकत्र होऊन कर्ण्यातून बाहेर पडतात. वादक गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे आवाज खंडित होत नाही.

आता तेच तीन प्रश्न विचारू. हलते काय? बांबूच्या दोन पत्त्या. हलवते कोण? सतत चालणारी फुंक. वाट कोणती? भोपळा, नळी आणि ताडाचा कर्णा. म्हणजे इलेक्ट्रिक पियानोच्या जवळजवळ उलटे. पियानोचा स्वर एका ठोक्यात जन्मतो आणि विरत जातो. तारप्याचा स्वर फुंक आहे तोवर तसाच राहतो.

सिंथेसायझरवर तारपा घडवायचा तर काय बदलावे लागेल?

शुद्ध साइन लहर इथे चालणार नाही. उघड-मीट करणारी पत्ती उपस्वरांनी भरलेला आवाज देते, म्हणून करवतीच्या दातांसारखी लहर किंवा अरुंद चौकोनी लहर घ्यावी. अशा दोन लहरी हव्यात, कारण नळ्या दोन आहेत. त्यांच्या सुरांत थोडा फरक ठेवावा. ४०० हर्ट्झच्या स्वराला दहा सेंटचा, म्हणजे एका अर्धस्वराच्या दहाव्या भागाचा फरक दिला तर सेकंदाला दोनाहून थोडी जास्त आंदोलने ऐकू येतात. दोन खऱ्या नळ्या एकत्र वाजत असल्याचा भास याच आंदोलनांतून येतो.

चढ-उतारात ‘विरणे’ काढून टाकावे लागते. स्वर एकातून दुसऱ्यात न तुटता गेला पाहिजे, म्हणून सिंथेसायझर एका वेळी एकच स्वर वाजवणाऱ्या, जोडून नेणाऱ्या पद्धतीवर ठेवावा. श्वास तुटत नसल्यामुळे स्वर वेगळे करण्याचे काम बोटांवर येते. मध्येच एखादे छिद्र क्षणभर उघडून दिलेला निसटता स्वर हा वाजवण्याचाच भाग असतो. तो पट्ट्यांवर सराव करूनच येतो.

भोपळा आणि कर्णा यांचा आकार स्वरागणिक बदलत नाही. म्हणून फिल्टरही पट्टीबरोबर सरकता कामा नये. आवाजाच्या पट्ट्यात दोन-तीन ठिकाणी पक्के उठाव द्यावेत, ते कोणताही स्वर वाजवला तरी तिथेच राहावेत. आपण ‘आ’ म्हणताना सूर बदलला तरी ‘आ’ हा ‘आ’च राहतो, त्यामागेही हेच कारण आहे.

सर्वात अवघड आहे फुंक. पियानोत पट्टी दाबल्यावर वादकाचे काम संपते. फुंकवाद्यात ते तिथे सुरू होते. फुंक वाढली की आवाज मोठा होतो, उजळ होतो आणि सूरही किंचित हलतो. म्हणून या तिन्ही गोष्टी एकाच नियंत्रणाला जोडाव्या लागतात. कॅसिओच्या बाजूचे चाक किंवा मोबाइलच्या पडद्यावर बोट वर-खाली सरकवण्याची क्रिया यासाठी वापरता येते. पाच-सहा वर्षे हार्मोनियमचा भाता मारलेला माणूस हे लवकर शिकेल.

हे सगळे लॅपटॉपवर करून पाहिल्यावर जे ऐकू आले ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. पहिल्या तासात निघालेला आवाज मोटारसायकलच्या हॉर्नसारखा होता. पक्के उठाव दिल्यावर तो फुंकवाद्यासारखा झाला. चाकावर फुंक जोडल्यावर पहिल्यांदा त्यात माणूस असल्यासारखे वाटले. तारपा मात्र तरीही झाला नव्हता, कारण सूर जुळत नव्हते.

सुरांची अडचण काय आहे?

कॅसिओत सप्तकाचे बारा समान भाग असतात, प्रत्येक १०० सेंटचा. बांबूची नळी हे गणित पाळत नाही. छिद्रे कुठे पाडायची हे बनवणाऱ्याचा हात आणि कान ठरवतो. एका तारप्याचे सूर दुसऱ्याशी तंतोतंत जुळतीलच असे नाही. कॅसिओवर वाजवताना वादक सर्वात जवळची पट्टी दाबतो आणि चाल नकळत बारा समान भागांत ओढली जाते. आवाजाचा पोत हुबेहूब केला तरी सूर कारखान्याचेच राहतात.

यावर उपाय आहे. सर्ज एक्सटी आणि डेक्स्ड या दोन्हींमध्ये स्वतःची स्वरपट्टी भरता येते. प्रत्येक स्वर किती सेंटवर आहे, याची एक छोटी मजकूर फाइल लागते. काही कीबोर्डांतही ‘स्केल ट्यून’ची सोय असते, अरबी संगीतासाठी ती दिली गेली, पण तिचा उपयोग कोणीही करू शकतो. प्रत्येक स्वर मोजण्यासाठी मोबाइलवरील साधे ट्यूनर अॅप पुरते. म्हणजे एखाद्या विशिष्ट वादकाच्या विशिष्ट तारप्याची स्वरपट्टी काही ओळींत जपता येते.

मुंबईत याआधी असे प्रयत्न झाले आहेत. चित्रपटसंगीतात वादक असलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये जपानी सिंथेसायझरांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. यंत्रात मींड नव्हती, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती. त्यांनी तीच वापरली. यंत्र जसे आले तसे न स्वीकारता आपल्या संगीताकडे वळवता येते, याचे ते उदाहरण.

असा आवाज बनवला तर तो कुणाचा?

वाद्याच्या आवाजाच्या पोतावर प्रताधिकार नसतो. त्यामुळे लहरी आणि फिल्टर वापरून तारप्यासारखा आवाज घडवला तर कायद्याची अडचण येत नाही. रेकॉर्डिंगचे मात्र तसे नाही. एखाद्या वादकाचे वादन ध्वनिमुद्रित करून त्याचे तुकडे कीबोर्डवर बसवणे, यासाठी त्याची संमती हवी. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ३८ नुसार सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क मिळतो. नाचाच्या रात्री मोबाइलवर केलेले चित्रीकरण उचलून त्यातून सॅम्पल काढणे आणि ते विकणे यात हा हक्क डावलला जातो.

कायद्यापलीकडेही एक प्रश्न उरतो. तारप्याचा चांगला आवाज कॅसिओत आला तर तारपावादकाला बोलावण्याची गरज संपेल का? ही भीती खोटी नाही. डीएक्स७ आल्यानंतर ऱ्होड्स वाहून नेणारे कमी झाले, हा इतिहास आहे. पण दुसरी बाजूही त्याच इतिहासात आहे. आकड्यांतील नकलेमुळे तो आवाज नव्या पिढीच्या कानात राहिला आणि खऱ्या ऱ्होड्सला आजही दुरुस्त करून वाजवणारे आहेत. जव्हार-मोखाड्यात आज तारप्याची स्पर्धा चांगल्या नकलेशी नाही. ती शहनाईच्या बटणाशी आणि डीजेच्या भिंतीशी आहे.

मोबाइल हातात असलेल्याने काय करावे?

तुमच्या गावात तारपा वाजत असेल तर सुरुवात रेकॉर्डिंगपासून करा. आधी वादकाला विचारा आणि ते कशासाठी आहे हे सांगा. कर्ण्यापासून एक-दोन मीटर अंतरावर, वाऱ्याच्या आडोशाला मोबाइल ठेवा. अॅपमध्ये वेव्ह फाइलचा पर्याय निवडा. आधी प्रत्येक स्वर पाच-सहा सेकंद लांब वाजवून घ्या, मग हळू आणि जोरात फुंकून, मग पूर्ण चाल. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, त्यात आवाज दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलच्या नावात वादकाचे नाव, वाद्य बनवणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहा. असे एक रेकॉर्डिंग हाती असेल तर लांबचा कोणीही त्यावरून स्वरपट्टी मोजू शकतो आणि घडवलेला आवाज त्याच्याशी ताडून पाहू शकतो.

ऱ्होड्सचा आवाज जगभर गेला, कारण कोणीतरी बसून तो कसा तयार होतो ते शोधले, आकडे लिहिले आणि वाटले. तारप्यासाठी लागणारी साधने आज मोफत आहेत. १२८ च्या यादीबाहेरचा आवाज कॅसिओ वाजवणाऱ्याच्या लॅपटॉपवर आणायला कोणत्या कारखान्याची परवानगी लागत नाही. परवानगी घ्यायची ती तारपावादकाची, आणि आवाज जमला की नाही हेही त्यालाच विचारायचे.